कॅरीमॅट

कॅरीमॅट किंवा स्लीपिंग मॅट ही तंबूत, गुहेत अथवा उघड्यावर मुक्काम करताना स्लीपिंग बॅगेखाली अंथरण्याची हलकी, उष्णतारोधक चटई होय. गिर्यारोहण, पदभ्रमण, सायकल सहली आणि शिबिरे यांमध्ये तिचा वापर होतो. या चटईची कामे दोन आहेत. शरीराची उष्णता जमिनीत जाऊ न देणे हे पहिले, तर खडबडीत जमिनीचा त्रास कमी करणे हे दुसरे. यांपैकी पहिले काम अधिक महत्त्वाचे असले तरी खरेदीच्या वेळी बहुधा दुसऱ्याचाच विचार केला जातो. चटईची जाडी आणि तिची ऊब या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. सात सेंटिमीटर जाडीची हवा भरलेली गादी दोन सेंटिमीटरच्या फोमच्या चटईपेक्षा थंड ठरू शकते.

नाव आणि पूर्वपीठिका

‘कॅरिमॅट’ हे मुळात इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातील कॅरिमोर या कंपनीच्या उत्पादनाचे नाव आहे. सायकलींच्या पिशव्या बनविण्यापासून सुरुवात केलेल्या या कंपनीने १९६०च्या दशकात गिर्यारोहकांसाठी फोमची चटई बाजारात आणली. पुढे हे नाव अशा सर्वच चटयांना लागू झाले. भारतात ते ‘कॅरी मॅट’ असे दोन शब्दांत, म्हणजे ‘सोबत नेण्याची चटई’ या अर्थानेही समजले व लिहिले जाते.

जमिनीपासून अंतर राखून झोपण्याची पद्धत अर्थातच त्याहून फार जुनी आहे. उत्तर युरोपातील सामी लोक बर्चच्या डहाळ्यांवर रेनडिअरची कातडी अंथरत असत. दख्खनच्या पठारावर मेंढपाळ घोंगडीचा, तर भातशेतीच्या मुलखात लोक पेंढ्याचा उपयोग करीत आले आहेत. कातडे, लोकर आणि पेंढा या तिन्हींमागील तत्त्व एकच आहे. केसांच्या वा काड्यांच्या मधल्या पोकळीत हवा अडकून राहते आणि ती स्थिर हवा उष्णता अडवते. आधुनिक चटई हेच काम कमी वजनात करते.

अमेरिकेतील सिॲटल येथे १९७२ साली कॅस्केड डिझाइन्स ही कंपनी स्थापन झाली. बोइंग कंपनीत काम केलेले जिम ली व नील अँडरसन हे अभियंते आणि त्यांचे गिर्यारोहक मित्र जॉन बरोज हे तिचे संस्थापक होते. बागकामात गुडघ्याखाली घेतलेल्या फोमच्या तुकड्यातून दाबामुळे हवा बाहेर पडते, या निरीक्षणातून बरोज यांना हवाबंद आवरणात फोम बसविण्याची कल्पना सुचली. त्यातून ‘थर्म-अ-रेस्ट’ ही आपोआप फुगणारी गादी तयार झाली.

उष्णता कशी जाते

झोपलेल्या माणसाच्या शरीरातून उष्णता मुख्यतः तीन मार्गांनी जमिनीकडे जाते. प्रत्यक्ष स्पर्शातून होते ते वहन, हवेच्या हालचालीतून होते ते अभिसरण आणि एका पृष्ठभागाकडून दुसऱ्याकडे किरणांच्या रूपाने जाते ते प्रारण होय.

जाड स्लीपिंग बॅग असली की चटईची गरज नाही, हा समज चुकीचा आहे. स्लीपिंग बॅगेतील पिसे अथवा कृत्रिम तंतू हवा अडकवूनच ऊब देतात. अंगाखालचा भाग शरीराच्या भाराने दबला की ती हवा निघून जाते आणि तेथे कापडाच्या जेमतेम दोन थरांइतकेच रोधन उरते. त्यामुळे वरच्या बाजूची थंडी बॅग अडवते, खालच्या बाजूची मात्र चटईलाच अडवावी लागते. स्लीपिंग बॅगेवर छापलेले तापमानही या दृष्टीने समजून घ्यावे लागते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार बॅगेची चाचणी घेताना तापवलेला पुतळा उष्णतारोधक चटईवर ठेवला जातो. म्हणून पुरेशी चटई नसेल तर छापील तापमानाला बॅग तेवढी ऊब देत नाही.

जमिनीच्या प्रकारानेही फरक पडतो. कोरड्या मातीच्या तुलनेत खडक आणि ओली माती यांतून उष्णता कित्येक पटींनी वेगाने वाहते. गवताळ जागेवर पुरेशी वाटलेली चटई त्याच तापमानाला गुहेच्या कातळावर अपुरी पडते.

आर-मूल्य

चटईची उष्णता रोखण्याची क्षमता आर-मूल्याने दर्शविली जाते. हे मूल्य जितके अधिक, तितकी चटई उबदार. प्रत्येक उत्पादक पूर्वी आपापल्या पद्धतीने हे मूल्य ठरवीत असल्याने दोन कंपन्यांच्या चटयांची तुलना करणे अवघड होते. २०१८ साली एएसटीएम इंटरनॅशनल या अमेरिकी मानक संस्थेने एफ ३३४० हे मानक प्रसिद्ध केले. या चाचणीत चटई एका थंड तबकडीवर ठेवून तिच्यावर साधारण शरीराइतकी उबदार तबकडी दाबली जाते आणि वरच्या तबकडीचे तापमान टिकवण्यास किती ऊर्जा लागते हे मोजले जाते. ऊर्जा जितकी कमी लागेल तितके आर-मूल्य अधिक.

आर-मूल्याचा व्यवहारातील अर्थ एका ढोबळ हिशेबाने स्पष्ट होतो. झोपलेल्या प्रौढ व्यक्तीचे शरीर सुमारे ७० वॅट उष्णता निर्माण करते. अंगाचा चटईला टेकलेला भाग ०.४ चौरस मीटर आणि शरीर व जमीन यांच्या तापमानातील फरक ३० अंश सेल्सियस मानला, तर चटईतून जाणारी उष्णता अशी येते :

- आर-मूल्य १ : सुमारे ६८ वॅट
- आर-मूल्य २ : सुमारे ३४ वॅट
- आर-मूल्य ४ : सुमारे १७ वॅट
- आर-मूल्य ६ : सुमारे ११ वॅट

कपडे आणि दबलेली स्लीपिंग बॅग यांमुळे प्रत्यक्षातील आकडे काहीसे कमी असतात. तरीही आर-मूल्य १ असलेल्या चटईवर शरीराची जवळजवळ सारी निर्मित उष्णता जमिनीकडे जाऊ शकते, हे यावरून दिसते. मूल्य १ वरून २ वर नेल्यास ३४ वॅटची बचत होते, तर ४ वरून ६ वर नेल्यास केवळ ६ वॅटची. म्हणजे पहिल्या थोड्या वाढीचा लाभ सर्वांत मोठा असतो.

दोन चटया एकावर एक ठेवल्यास त्यांच्या आर-मूल्यांची बेरीज होते. १.५ मूल्याच्या फोमच्या चटईवर ३ मूल्याची हवेची गादी अंथरली तर एकूण मूल्य ४.५ होते.

प्रकार

बंद कोशांच्या फोमची चटई. या फोममध्ये हवेचे लहान लहान बुडबुडे एकमेकांपासून पूर्ण वेगळे असतात. त्यामुळे तो पाणी शोषत नाही आणि हवा बाहेर पडत नाही. पॉलिएथिलीन व ईव्हीए हे यासाठी वापरले जाणारे सामान्य पदार्थ आहेत. दहा मिलिमीटर जाडीच्या साध्या चटईचे आर-मूल्य सुमारे १.४ येते, तर सहा मिलिमीटरच्या चटईचे १ पेक्षाही कमी. घडी घालता येणाऱ्या, खाचा पाडलेल्या सुमारे दोन सेंटिमीटरच्या चटयांचे मूल्य २ च्या आसपास आणि वजन ४०० ग्रॅमच्या जवळपास असते. ही चटई स्वस्त असते, फुटत नाही आणि अंथरायला क्षणभरही लागत नाही. मात्र गुंडाळल्यावर ती बरीच जागा व्यापते, म्हणून ती सॅकच्या बाहेर बांधावी लागते. ती कठीणही वाटते.

स्वयंफुगती गादी. हिच्या हवाबंद आवरणात खुल्या कोशांचा पॉलियुरेथेन फोम असतो. झडप उघडली की दाबलेला फोम प्रसरण पावतो आणि हवा आत ओढून घेतो. आरामाच्या दृष्टीने ती चांगली असते, पण सारख्याच ऊबेसाठी तिचे वजन सहसा इतर दोन प्रकारांपेक्षा अधिक भरते. जेथे वाहन मुक्कामापर्यंत जाते अशा सहलींना ती विशेष सोयीची आहे.

हवा भरायची गादी. दुमडल्यावर हिचा आकार पाण्याच्या बाटलीएवढा होतो. नुसती हवा भरलेल्या गादीचे आर-मूल्य मात्र जाडी कितीही असली तरी साधारण १ च्या आसपास राहते. याचे कारण असे की मोठ्या पोकळीतील हवा कूस बदलताना हलत राहते आणि वरच्या उबदार पृष्ठभागाकडून खालच्या थंड पृष्ठभागाकडे उष्णता प्रारणाने थेट जाते. हे टाळण्यासाठी चांगल्या गाद्यांमध्ये पिसे अथवा कृत्रिम तंतू भरतात, किंवा आतील पोकळी उष्णता परावर्तित करणाऱ्या चकचकीत पडद्यांनी लहान लहान भागांत विभागतात. अशा काही गाद्यांचे आर-मूल्य अर्ध्या किलोच्या आसपासच्या वजनात ४ ते ७ पर्यंत जाते. त्या महाग असतात आणि काट्याने वा अणकुचीदार दगडाने फुटू शकतात.

चकचकीत पडदा हवेच्या पोकळीला लागून असतो तेव्हाच उपयोगी पडतो. पातळ चटईच्या खालच्या बाजूला चिकटवलेला चंदेरी कागद थेट जमिनीला टेकला, तर वहनाने जाणारी उष्णता तो अडवू शकत नाही.

निवडीचे निकष

निवडीची सुरुवात चटईपासून न करता मुक्कामाच्या जागेपासून करणे योग्य ठरते. सर्वसाधारणपणे उबदार रात्रींसाठी आर-मूल्य २ पर्यंत, थंड पण हिमरहित जागेसाठी २ ते ४, गोठणबिंदूच्या आसपासच्या रात्रींसाठी ४ ते ५.५ आणि बर्फावरील मुक्कामासाठी त्याहून अधिक मूल्य सुचविले जाते. ज्यांना थंडी लवकर जाणवते त्यांनी त्यात आणखी सुमारे १ ची भर घालणे हिताचे असते. थकवा, अपुरे जेवण आणि ओले कपडे यांमुळेही ही गरज वाढते.

आवश्यक मूल्य निश्चित झाल्यावर वजनाचा विचार करावा. तेवढे मूल्य देणाऱ्या चटयांपैकी सर्वांत हलकी कोणती, हा योग्य प्रश्न आहे. सर्वांत हलकी चटई आधी निवडून तिच्यावर रात्र निभावेल का, असे नंतर पाहणे धोक्याचे ठरते. वजन कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे खांद्यापासून गुडघ्यापर्यंत पुरणारी, सुमारे १२० सेंटिमीटर लांबीची चटई घेणे. अशा वेळी पायांखाली रिकामी सॅक व दोर ठेवतात. बर्फावर मात्र पूर्ण लांबीची चटई असावी. नेहमीच्या चटईची लांबी सुमारे १८३ आणि रुंदी सुमारे ५१ सेंटिमीटर असते. कुशीवर झोपणाऱ्यांना अधिक जाडीची, तर रुंद बांध्याच्या व्यक्तींना अधिक रुंदीची चटई लागते, कारण चटईबाहेर गेलेला हात थेट जमिनीला टेकतो.

तिसरा निकष भरवशाचा आहे. हवेची गादी फुटली तर तिचे रोधन जवळजवळ शून्यावर येते, फोमची चटई फाटली तरी काम देत राहते. म्हणूनच अतिथंड प्रदेशात फोमची चटई खाली आणि हवेची गादी वर अशी जोडी नेण्याची पद्धत आहे. यात ऊब वाढते, वरच्या गादीचे रक्षण होते आणि ती फुटलीच तर काही आधार शिल्लक राहतो.

सह्याद्री आणि हिमालय

महाराष्ट्रातील बहुतेक गिर्यारोहकांचा या चटईशी पहिला परिचय सह्याद्रीतील मुक्कामात होतो. येथे रात्री गोठणबिंदूखाली क्वचितच जातात. तथापि हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी गुहेच्या कातळावर झोपताना हिवाळ्यात नुसती सतरंजी अपुरी पडते. दहा मिलिमीटरची फोमची चटई अशा बहुतेक मुक्कामांना पुरते. काटेरी झुडपे आणि खडबडीत कातळ यांमुळे न फुटणारी चटई येथे अधिक उपयोगाची असते. ओलसर जमिनीवर फोम पाणी शोषत नाही, हाही लाभच होय.

हीच चटई हिमालयात नेली जाते तेव्हा मात्र अडचण उद्भवते. हिवाळ्यातील केदारकंठासारख्या पदभ्रमणात तंबू बर्फावर असतो आणि सह्याद्रीत पुरलेले रोधन तेथे निम्म्याहूनही कमी पडते. संस्था वा आयोजक चटया पुरवीत असतील तर त्यांची जाडी आणि संख्या आधी विचारून घ्यावी. दोन साध्या चटया एकावर एक अंथरणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

रात्रभर उष्णता गमावत राहिल्यास आधी झोपमोड व थरथर होते. शरीराच्या अंतर्भागाचे तापमान ३५ अंश सेल्सियसखाली गेले तर त्या अवस्थेस हायपोथर्मिया म्हणतात. तीत बोलणे अडखळते आणि निर्णयशक्ती मंदावते. अशा व्यक्तीला पांघरूण घालण्याबरोबरच तिच्या अंगाखाली रोधन देणे अत्यावश्यक असते. चटई नसल्यास रिकाम्या सॅक, दोराची वेटोळी, जादा कपडे किंवा वाळलेले गवत यांचा जाड थर वापरता येतो.

निगा

हवेची गादी तोंडाने फुगवल्यास श्वासातील बाष्प आत साठते. त्याने बुरशी धरते, तर कडाक्याच्या थंडीत आत बर्फ जमते. त्यासाठी हवा भरण्याची पिशवी वापरणे श्रेयस्कर असते. संध्याकाळी फुगवलेली गादी रात्री आतील हवा थंड झाल्याने सैल पडते, ती फुटली असे समजण्याआधी थोडी हवा भरून पाहावी. फुगवलेली गादी उन्हात ठेवल्यास हवा प्रसरण पावून तिचे सांधे उसवू शकतात. सहलीस निघण्यापूर्वी ती एक रात्र घरी फुगवून ठेवणे आणि दुरुस्तीचे ठिगळ सोबत घेणे उपयुक्त ठरते. स्वयंफुगती गादी घरी झडप उघडी ठेवून पसरून ठेवावी, म्हणजे फोमची प्रसरणशक्ती टिकते. फोमची चटई वापराने दबत जाते. दबलेल्या चटईची ऊब मूळ मूल्याइतकी राहत नाही, म्हणून ती ठरावीक काळाने बदलावी लागते.