कोपऱ्यातला पोरगा पारखताना

घनसावंगी तालुक्यातल्या कुंभार पिंपळगावात मातीवर खेळणारा पोरगा व्यावसायिक कबड्डीत टिकेल का, हे नुसत्या ताकदीवरून ठरत नाही. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून निवडीची नजर बारीक झाली आहे.

कोपरारक्षकाची पहिली पारख म्हणजे त्याचे पाय. बोनस मिळवताना चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकतो आणि दुसरा हवेत असतो. त्याचा तोल एका पायावर असताना झेप घेऊन घोटा धरणारा पोरगा जातिवंत समजावा. हात अर्धा सेकंद आधी गेला, तर फुकट गुण जातो.

दुसरी पारख साखळीची. घोटा धरला तरी मध्यरक्षक धावून आला नाही, तर चढाईपटू ओढत मध्यरेषा गाठतो. म्हणून शेजाऱ्याशी ताळमेळ पाहावा.

तरुणांची मोठी उणीव म्हणजे उतावीळपणा. चढाईला ३० सेकंद असतात, त्यामुळे घाई चढाईपटूला असते, बचावाला नाही. मात्र तीन किंवा कमी खेळाडू उरले असताना यशस्वी पकडीला एक जादा गुण मिळतो. तिथे धाडस हवेच.

महाराष्ट्राचा डावा कोपरारक्षक गिरीश एर्नाक २०१८च्या आशियाई स्पर्धेत भारताकडून खेळला. त्याच्या पकडी संथ गतीने पाहाव्यात. ताकद व्यायामाने वाढते, संयम सामन्यांनी येतो. पण वेळेची जाण ज्याच्या अंगी दिसते, त्या पोराला मॅटवर सराव मिळायलाच हवा.