न पडता फुटलेली घागर

इचोड्याच्या आमच्या घरात पितळेची एक घागर होती. आजी लग्न होऊन या मुलुखात आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर आलेली. ठोक्याची, रुंद पोटाची, आणि टिचकी मारली तर देवळातल्या घंटेसारखी घुमणारी. पुढे नळ आला, प्लास्टिकच्या बादल्या आल्या, आणि घागर स्वयंपाकघरातून माळ्यावर व माळ्यावरून गोठ्यालगतच्या कोठीत गेली. एका वर्षी पेरणीच्या दिवसांत त्याच कोठीत युरियाची पोती रचली गेली. पाऊस सुरू झाला, दार बंद झाले, आणि घागरीची आठवण थेट गौरी-गणपतीच्या तोंडावर झाली.

धाकट्या वहिनींनी ती उतरवून आणली. दुसऱ्या दिवशी चिंच लावून घासताना गळ्यापासून पोटापर्यंत गेलेली एक उभी चीर दिसली. कोणी काही बोलले नाही. आजींनी मात्र त्या दिवशी वहिनींच्या हातचा चहा घेतला नाही. ज्यांनी एकत्र कुटुंबात दिवस काढले आहेत त्यांना याचा अर्थ सांगावा लागणार नाही.

आम्हांला खटकले ते वेगळेच. पितळ मऊ असते. घागर हातून पडली तर तिला पोचा येतो, काठ दबतो, बूड वाकते. या घागरीला कोठेही पोचा नव्हता. चिरेच्या दोन्ही बाजूंचा पत्रा जसाच्या तसा होता, जणू कोणी सुरीने रेघ ओढावी. मग ही फुटली कशी?

याचे उत्तर इंग्रजांच्या फौजेने फार पूर्वी, पुष्कळ नुकसान सोसून शोधले होते. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील फौजेची पितळी काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत. पावसात मोहिमा थांबत आणि काडतुसांच्या पेट्या कोरड्या जागी म्हणून घोड्यांच्या तबेल्यांत ठेवल्या जात. हंगाम संपून पेट्या उघडाव्यात तो कित्येक काडतुसांना चिरा! या रोगाला इंग्रजीत ऋतूवरूनच ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव पडले. कारण उलगडायला मात्र 1921 साल उजाडले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तीन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की दोष पावसाचा एकट्याचा नव्हता. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया आणि दमट हवा यांनी मिळून हे केले होते.

पण एवढ्यानेही पितळ तडकत नाही. तिसरी गोष्ट लागते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. पत्र्याला ठोके देऊन, मठारून भांडे घडवतात तेव्हा धातूच्या अंगात ताण राहून जातो. ताणून बांधलेल्या दोरीसारखे ते भांडे आयुष्यभर आतून ओढलेले असते. एरवी त्याने काही बिघडत नाही. परंतु ओल्या हवेतला अमोनिया तांब्याला विरघळवू लागतो. धातूच्या कणांमधल्या सांध्यांतून तो आत शिरतो, आणि तेथे दबा धरून बसलेला ताण ती फट उघडत नेतो. लोखंडाचा गंज वरून दिसतो, हाताला लागतो, पोपडे धरतो. हा गंज धातूचे वजनही फारसे घटवीत नाही. घागर बाहेरून बरी दिसते आणि एके दिवशी उभी चिरते.

आमच्या कोठीत काय घडले असेल ते आता वाचकांच्या ध्यानात आले असेल. युरिया स्वतः निरुपद्रवी, परंतु ओल आणि शेण-मुताच्या मातीतले जंतू मिळाले की त्याचा अमोनिया होतो. दार उघडताच नाकाला झोंबणारा तो वास आम्हांला दर पावसाळ्यात येत असे. तो घागरीलाही येतो, हे मात्र ठाऊक नव्हते.

त्याच कोठीत घागरीच्या शेजारी आणखी दोन वस्तू होत्या, आणि साक्ष खरी त्यांचीच ठरली. एक तांब्याचा हंडा. त्यावर हिरवे-निळे डाग पडले होते, चीर नव्हती. शुद्ध तांब्याला हा रोग सहसा होत नाही. पितळेत जस्त शंभरात पंधरा भागांहून कमी असेल तरीही धोका थोडा असतो. घागरीच्या पितळेत मात्र जस्त सर्वसाधारणपणे तीस-पस्तीस भागांच्या आसपास असते. दुसरी वस्तू म्हणजे एक छोटा पितळी नंदी. आपल्या आदिलाबादच्या डोंगरी मुलुखातील ओझा कारागीर मेणाचा साचा करून, त्यावर माती थापून, मेण वितळवून त्या पोकळीत पितळ ओततात. गोंड बांधवांच्या देवकार्यांतील कितीतरी वस्तू त्यांच्या हातच्या असतात, आणि 2018 साली ‘आदिलाबाद डोकरा’ या नावाने या कलेला भौगोलिक मानांकनही मिळाले. नंदी पितळेचाच, राहिला त्याच कोठीत, पण त्याला काही झाले नाही. कारण तो ठोकून घडवलेला नव्हता, ओतलेला होता. त्याच्या अंगात ठोक्यांचा ताण नव्हता.

अशा भांड्याची परीक्षा घरी करता येते. पहिली कानाची: टिचकी मारावी. चीर असेल तर नाद बद्द होतो. दुसरी रेल्वेच्या कारखान्यांत आसांच्या तपासणीसाठी जुन्या काळापासून चालत आलेली आहे. संशयित जागी रॉकेल लावून थोडा वेळ थांबावे, मग ती पुसून कोरडी करावी आणि वर खडूची किंवा चुन्याची पातळ पूड पसरावी. चिरेत मुरलेले रॉकेल पुडीत उमटते आणि डोळ्यांना न दिसणारी भेग काळसर रेघ होऊन समोर येते. (चुलीपासून दूर, हे सांगायला नकोच.) कारखान्यांत अंगातला ताण पाहण्यासाठी पाऱ्याच्या एका क्षाराचे द्रावण वापरतात, ते विषारी आहे, घरच्या उपयोगाचे नाही.

उपाय सोपे आहेत. पितळ कोरडे ठेवावे. गोठा, कोंबड्यांचे खुराडे, खताची पोती यांपासून दूर ठेवावे. कारखानदार घडवलेली वस्तू अडीचशे ते तीनशे अंश सेल्सिअस इतकी तापवून ताण सैल करतात. कल्हईने काम भागेल का, असे आम्हांला पुष्कळांनी विचारले. कथील दोनशे बत्तीस अंशांना वितळते, तेव्हा कल्हई करताना भांडे तापते खरे, पण घटकाभरच. त्यावर विसंबू नये. शिवाय कल्हई आतून होते, आणि अमोनिया बाहेरून येतो. गंमत अशी की कल्हईवाला जो नवसागर टाकतो, त्याच्या धुरातही अमोनियाच असतो! म्हणून कल्हई झाली की भांडे स्वच्छ धुऊन पुसून घेणे बरे.

आम्ही रॉकेल-खडूची परीक्षा अंगणात, आजींच्या देखत केली. मोठी चीर तर उमटलीच. परंतु घागरीच्या दुसऱ्या अंगाला, जेथे कोणाला काही दिसले नव्हते, तेथेही बोटभर लांबीच्या दोन बारीक रेघा उमटल्या. एका पडण्याने घागर तीन ठिकाणी, पोचा न येता, कशी फुटेल? आजींनी चष्मा लावून त्या रेघांवरून बोट फिरवले आणि युरियाची पोती कोणी ठेवली होती ते विचारले. ती आम्हीच ठेवली होती.

चिरेला डाग लावून पाहिला, तो टिकला नाही. शेजारून पुन्हा फट गेली. घागर आता माजघरात फडताळावर कोरडी बसली आहे. पाणी तिच्यात राहत नाही, म्हणून आजी वातींचा कापूस ठेवीत असत. त्यानंतर दुपारचा चहा त्यांना धाकट्या वहिनींच्याच हातचा लागे.