गिटहबवर दिसतो तो कोड फुकटचा नसतो

दोंडाईच्याहून धुळ्या-शिरपूरला इंजिनिअरिंगला जाणाऱ्या पोरांच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं: "कोड गिटहबवर आहे ना? मग फुकट. एआयनेही तिथूनच उचललाय." किती वेळा खोडून काढायचं हे?

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. त्यावरचा हक्क तो लिहिला की लगेच लागू होतो, नोंदणी लागत नाही. गिटहब ही कोड ठेवायची साइट; तिथल्या रिपॉझिटरीत लायसन्सची, म्हणजे परवान्याची, फाइलच नसेल तर कोड पाहा, गिटहबवरच फोर्क करा. आपल्या प्रोजेक्टात घालायची परवानगी मात्र नाही. लायसन्स असेल तर अटी आल्याच. एमआयटी लायसन्स बरंच मोकळं, तरी त्यातही मूळ कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवावा लागतो. जीपीएल परवान्याच्या कोडवर बेतलेलं बिलिंग सॉफ्टवेअर मिरचीच्या व्यापाऱ्याला विकलंत, तर त्याला सोर्स कोडही त्याच अटींवर मिळायला हवा.

"पण मला तर एआयने लिहून दिलं!" म्हणून काय झालं? २०२१ मध्ये गिटहबच्या कोड लिहिणाऱ्या एआयने, कोपायलटने, 'क्वेक थ्री' या गेममधलं प्रसिद्ध फंक्शन कॉमेंटमधल्या शिवीसकट जसंच्या तसं ओकलं. मूळ कोड जीपीएलचा, आणि कोपायलटने त्याला भलताच परवाना चिकटवला. तो तुकडा आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घालणाऱ्याला मूळ अटी चुकत नाहीत.

कोडवर एआयला शिकवणं हीच चोरी का? "हो" आणि "नाही" दोन्ही ठासून सांगणारे भेटतात, आणि दोघेही घाई करतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रोग्रामरांनी गिटहब, मायक्रोसॉफ्ट आणि ओपनएआयवर अमेरिकेत दावा लावला. न्यायाधीशांनी बरेच मुद्दे फेटाळले. परवान्याच्या अटी मोडल्याचा मुद्दा मात्र टिकला. आपल्याकडे एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात २०२४ मध्ये दावा केला. तो बातम्यांचा आहे, पण प्रश्न तोच: परवानगीशिवाय शिकवता येतं का?

असेच आणखी काही गैरसमज. "ओपन सोर्स विकता येत नाही." येतं, जीपीएलसुद्धा अडवत नाही.

"मेटाचं लामा हे एआय मॉडेल ओपन सोर्स आहे." नाही, महिन्याला ७० कोटींहून जास्त वापरकर्ते असलेल्या कंपन्यांना मेटाची वेगळी परवानगी लागते.

"परवाना फक्त कोडला असतो." 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता फॉन्टही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे. त्यात लग्नपत्रिका छापून पैसे घ्या. नुसता फॉन्ट विकता येत नाही.

पोरांनो, प्रोजेक्ट चढवताना लायसन्सची फाइल घाला. एआयने मोठा तुकडा दिला तर आधी गिटहबवर शोधून पाहा, आणि मूळ लेखक सापडला तर त्याचं नाव द्या आणि त्याच्या परवान्याच्या अटी पाळा.