धाकटे कासव, थोरले कासव आणि एकच टाकी

लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतले घर असो की चिपळूण-खेडमधले, कासव घरात येते तेव्हा काड्यापेटीत मावेल एवढे असते. हिरवी पाठ, डोळ्यामागे लाल पट्टा. वर्ष-दोन वर्षांत ते तळहाताएवढे होते. मग घरातल्या कोणाला तरी ‘बिचारे एकटे आहे’ असे वाटू लागते आणि मुंबई-पुण्याहून येताना दुसरे पिल्लू आणले जाते. तेही त्याच टाकीत. काही दिवसांनी पिल्लाच्या शेपटीचे टोक गेलेले दिसते आणि दोष पाण्याला दिला जातो.

हे लाल पट्ट्याचे कासव म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर, मूळ अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातले. भारतात मत्स्यालयांच्या धंद्यातून ते घरोघर पोहोचले. त्याच्याबद्दलचे बहुतेक गैरसमज एकाच ठिकाणाहून निघतात: कासव म्हणजे गरीब प्राणी.

‘मोठे कासव छोट्याला सांभाळून घेते’ हा त्यातला पहिला. कासवांत सांभाळणे हा प्रकार जवळपास नाहीच. मादी खड्डा करते, अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते. लोटेपासून फार लांब नसलेल्या वेळासला हे प्रत्यक्ष दिसते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये तिथे समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. आज पिल्ले लाटांकडे धावताना पाहायला माणसांची गर्दी होते, पण त्या गर्दीत पिल्लांची आई कधीच नसते. स्लायडरची तऱ्हा वेगळी नाही. मोठ्या कासवाच्या लेखी समोर वळवळणारी बारीक शेपूट, बोट किंवा पापणी ही खाण्याची वस्तू असू शकते. त्याला दात नसतात, पण जबड्याची कड पिल्लाचे बोट तोडायला पुरते.

चावा निदान दिसतो तरी. उपासमार दिसत नाही. दाणे टाकले की थोरले मान ताणून चार गिळते, धाकटे फिल्टरच्या मागे दडून राहते आणि मालकाला वाटते की त्याला भूक नाही.

‘दोघे उन्हात एकमेकांवर बसतात, म्हणजे किती माया आहे!’ हा फोटो काढण्याजोगा गैरसमज. बसायला एकच दगड असेल, तर त्यावरची ती जागेसाठीची रेटारेटी असते. फ्रान्समध्ये अँतुआन कादी आणि पिएर जोली या संशोधकांनी स्लायडर आणि तिथले स्थानिक तळ्यातले कासव एकत्र ठेवून पाहिले. 2003 आणि 2004 मध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले. उन्हाच्या चांगल्या जागा स्लायडरने बळकावल्या, स्थानिक कासवे कमी प्रतीच्या जागांवर सरकली, त्यांचे वजन घटले आणि मरण्याचे प्रमाणही वाढले. हे मोकळ्या तळ्यांत घडले. दोन फुटी काचेच्या टाकीत तर सरकायलाही जागा नसते.

यावर मालकांचे ठरलेले उत्तर असते: मग सारख्या आकाराची दोन आणू. पिल्ले असताना हे जमल्यासारखे वाटते. पण स्लायडरचा नर साधारण 20 सेंटिमीटरच्या आसपास थांबतो, मादी 25 ते 30 सेंटिमीटरपर्यंत जाते. पिल्लू आणताना नर-मादी ओळखता येत नाही, त्यामुळे एकाच दिवशी आणलेली जोडी पुढे आपोआप लहान-मोठी होते. दोन्ही नर निघाले तर मारामाऱ्या. नर-मादी निघाली तर नर पुढच्या पायांची लांब नखे मादीच्या तोंडासमोर थरथरवत तिच्या मागे लागतो. घरातली मुले त्याला ‘टाटा करतोय’ म्हणतात. मादीला मात्र त्या टाकीत पळायला वाट नसते.

टाकी लहान ठेवली की कासव लहान राहते, हेही खोटे. ते वाढतेच, फक्त आजारी वाढते. पाळणाऱ्यांमध्ये रूढ असलेला हिशोब असा की पाठीच्या दर इंचाला सुमारे 40 लिटर पाणी. माप घेताना टेप पाठीवरून फिरवू नये; पुढे-मागे दोन पुस्तके उभी करून त्यांच्यातले सरळ अंतर मोजावे. चार इंची दोन कासवे म्हणजे सुमारे 320 लिटर झाले. एवढी जागा असली तरी आकारात फरक दिसू लागला की दोन टाक्या हाच खरा उपाय. तोवर मधे पडदी घालावी, दोन्ही बाजूंना बसायला दगड आणि वर दिवा द्यावा. खाऊ घालताना एकेकाला पाण्याच्या वेगळ्या टबमध्ये घ्यावे. पाण्याबाहेर स्लायडरला घास गिळता येत नाही.

कोकणात दिव्याचे महत्त्व जास्त. जून ते सप्टेंबर ऊन नावाला असते, आणि बाकीचे महिने टाकी खिडकीपाशी ठेवून भागत नाही, कारण हाडांना लागणारे अतिनील किरण काच अडवते. दबून राहणाऱ्या धाकट्याला त्या दिव्याखालीही जागा मिळाली नाही, तर पाठ मऊ पडू लागते.

काही जण शेतातले किंवा ओढ्यातले कासव आणून सोबतीला सोडतात. इथे प्रश्न कायद्याचा होतो. पाय आत घेतल्यावर खालून झापड मिटणारे मऊ पाठीचे कासव आणि चांदण्यांच्या नक्षीचे स्टार कासव ही दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती पाळल्यास 3 ते 7 वर्षांचा तुरुंगवास आणि किमान 25 हजारांचा दंड होऊ शकतो. ‘वास्तूसाठी ठेवलंय’ ही सबब चालत नाही.

शेवटी भांडणाला कंटाळून एक कासव सोडून देण्याची वेळ येते, आणि सर्वांत घातक गैरसमज इथला आहे. विहिरीत कासव सोडले की पाणी स्वच्छ राहते, अशी जुनी समजूत. पण कासव विष्ठाही पाण्यातच टाकते आणि तिच्यातून साल्मोनेलाचे जंतू पसरू शकतात. याच जंतूंमुळे अमेरिकेने 1975 मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. शिवाय जांभ्याच्या उभ्या कातळात खोदलेल्या विहिरीत उन्हाला बसायला पायरीही नसेल, तर स्लायडर महिनोन्‌महिने कुढत मरतो. गुहागरच्या समुद्रात सोडणे म्हणजे तर गोड्या पाण्यातला जीव खाऱ्यात लोटणे. समुद्री कासवाला वल्ही असतात, याला नखांचे पाय.

जगबुडी किंवा वाशिष्ठी नदीत सोडले तर ते कदाचित जगेल, आणि मग तिथल्या स्थानिक कासवांची अवस्था फ्रान्समधल्यासारखी होईल. केरळात त्रिशूरजवळच्या कालव्यात आणि गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात स्लायडर याआधीच सापडले आहेत. कोकणात तर एका तळ्यात सोडलेले कासव त्याच तळ्यात राहील याचीही खात्री नाही. 22 जुलै 2021 च्या पुरात वाशिष्ठी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली होती.

तेव्हा दुसरे कासव आणण्याआधी दुसऱ्या टाकीची जागा घरात आहे का, ते पाहावे. पहिलेच सांभाळणे जड जात असेल, तर वेगळी टाकी असलेला पाळणारा शोधून त्याच्या हवाली करावे. आणि स्थानिक कासव घरात असेल किंवा कोणी विकताना दिसले, तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.