गुळवेलीचे ४६ दिवस

‘पारख’ लेखमाला : लेख सहावा

मागच्या आठवड्यात भस्मांमधल्या शिशा-पाऱ्याबद्दल लिहिलं होतं. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी साधारण पाचव्या हिश्शात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं, हा २००८ सालचा अमेरिकी अभ्यास त्यात होता. त्यावर आलेल्या प्रतिक्रियांचा सूर बहुतेक एकच होता: धातूंचं आम्हाला पटलं, पण दारातल्या पाल्यानं कुणाचं काय बिघडणार? प्रश्न रास्त आहे. म्हणून आज दारातलीच वेल घेऊ.

२०२० साली गुळवेलीला जे दिवस आले, ते तिला आधी कधी आले नसतील. एरवी कुंपणावर दुर्लक्षित पडलेली ही वेल अचानक मागणीत आली. कडुनिंबावर चढलेली असेल तर तिचा भाव आणखी. कुणी कांड्या उकळून काढा करत होतं, कुणी सत्त्व घेत होतं, कुणी घनवटीच्या गोळ्या. करोनावर औषध नव्हतं, लस यायची होती, आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा एकच सल्ला सगळीकडून कानावर येत होता. त्या ऑक्टोबरात आयुष मंत्रालयानं काढलेल्या उपचार-नियमावलीतही गुळवेल होती. पण तिथं मात्रा दिली होती, आणि मुदतही: पंधरा दिवस किंवा महिनाभर, अथवा वैद्य सांगतील तसं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताना मात्रा आणि मुदत दोन्ही गळून पडली, वेल तेवढी उरली.

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत डॉ. आभा नागराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे कावीळ झालेले सहा रुग्ण आले. नेहमीचे विषाणू तपासले, ते नव्हते. दारूचाही प्रश्न नव्हता. खोदून विचारल्यावर सहाही जणांकडून एक समान गोष्ट निघाली, ती म्हणजे गुळवेल. एक रुग्ण दगावली. २०२१ मध्ये हा अहवाल यकृततज्ज्ञांच्या भारतीय नियतकालिकात आला. पुढच्या वर्षी देशभरातल्या १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. गुळवेल सुरू केल्यापासून त्रास सुरू होईपर्यंतचा मध्यक काळ होता ४६ दिवस.

हा आकडा नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळी गोम तिथंच आहे. आज काढा घेतला आणि रात्री उलट्या झाल्या, तर दोष कुणाचा हे घरातलं पोरही सांगेल. पण दीड महिना रोज सकाळी काढा घेतला, बरंही वाटलं, आणि मग हळूहळू भूक मेली, लघवी पिवळी झाली, डोळे पिवळे दिसू लागले, तर काढ्याचा संशय कोण घेईल? उलट कावीळ झाली म्हणून तो वाढवणारेच जास्त. आणि डॉक्टरांनी ‘कुठली औषधं घेता?’ असं विचारलं, की माणूस रक्तदाबाची गोळी सांगतो, थायरॉइडची सांगतो. काढा सांगत नाही. त्याच्या लेखी ते औषधच नसतं.

यकृतात घडलं काय? पोटातून शोषलं जाणारं जवळपास सगळं आधी यकृतातून जातं, तिथं त्याची मोडतोड होते. काही वनस्पतींतली द्रव्यं सरळ विषारी असतात. ती जास्त घेणाऱ्या कुणालाही बाधतात. गुळवेलीचं प्रकरण तसं दिसत नाही. या रुग्णांच्या रक्तात आणि यकृताच्या तुकड्याच्या तपासणीत अनेकदा शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वतःच्या यकृतावर उलटल्याच्या खुणा होत्या. काहींना थायरॉइडचा किंवा मधुमेहाचा त्रास होता, काहींच्या यकृताचा जुना आजार कुणाला कळलेलाच नव्हता. प्रतिकारशक्ती म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर नव्हे, पाचवर नेला की वारा जास्त. तिच्यात हल्ला करणाऱ्या पेशी आहेत, तसे त्यांना आवरणारे लगामही आहेत. ‘बूस्टर’ म्हणून विकलं जाणारं काहीही यातलं नेमकं काय वाढवतं, हे डब्यावर कधीच लिहिलेलं नसतं.

मंत्रालयानं मुंबईच्या अहवालाला हरकत घेतली. रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीची नीट तपासणी झाली नाही, ती ‘टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया’ ही खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’ असू शकेल, असं त्यांचं म्हणणं होतं. २०२२ मध्ये पुन्हा खुलासा आला, की योग्य मात्रेत गुळवेल सुरक्षित आहे. ओळखीच्या खुणाही सांगितल्या गेल्या: क्रिस्पाच्या खोडावर पुटकुळ्यांसारखे उंचवटे असतात, खऱ्या गुळवेलीवर नसतात.

हरकतीत तथ्य असू शकतं. पण ती मान्य केली तर निष्कर्ष अधिकच अवघड होतो. खोडावरचे उंचवटे बघून वेल ओळखता येईल. बाटलीतल्या हिरव्या चूर्णात ते कुठे शोधायचे? १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी ‘अ‍ॅरिस्टोलोकिया’ मिसळली गेली. अनेक बायकांची मूत्रपिंडं कायमची गेली, पुढे कित्येकींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. ज्यांनी गोळ्या घेतल्या त्यांच्या हातात ओळख पटवण्याचं कुठलंही साधन नव्हतं. आजही आपल्या हातात नाही.

आता मुंबईतलीच दुसरी गोष्ट. १९९३ मध्ये केईएम रुग्णालयातल्या डॉ. निर्मला रेगे, डॉ. शरदिनी डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी गुळवेलीवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. (‘फुलवा’, ‘वृक्षगान’ लिहिणाऱ्या त्याच डहाणूकर.) पित्तमार्ग तुंबून कावीळ झालेले ३० रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलेले. दोन्ही गटांना नेहमीचे उपचार, एका गटाला जोडीला गुळवेल, तीही वजनाच्या किलोमागे दिवसाला १६ मिलिग्रॅम, शस्त्रक्रियेपूर्वी पित्ताचा निचरा चालू असेल तेवढाच काळ. नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या गटात निम्म्या जणांना रक्तात जंतुसंसर्ग झाला, गुळवेलीच्या गटात कुणालाच नाही. शस्त्रक्रियेनंतर वाचण्याचं प्रमाण पहिल्या गटात ४० टक्के, दुसऱ्यात ९२.४.

म्हणजे एकाच शहरात, एकाच वेलीचा एकदा कावीळ झालेल्यांना उपयोग दिसला आणि एकदा तिच्यामुळेच कावीळ झाल्याचा ठपका आला. यातलं एक खरं तर दुसरं खोटं असं मानायची मला गरज वाटत नाही. तीस रुग्णांचा अभ्यास ही सुरुवात असते, निकाल नसतो. आणि ४३ रुग्णांच्या नोंदीवरून धोका किती मोठा हेही सांगता येत नाही, कारण गुळवेल घेतलेल्या लोकांची एकूण संख्या कुणी मोजलेलीच नाही. ती अफाट असणार, त्यामुळे एकेकट्या माणसाचा धोका लहानच असावा. पण केईएमचे रुग्ण मरणाच्या दारात होते, त्यांच्यासाठी जुगार खेळण्यात अर्थ होता. धडधाकट माणूस नसलेल्या आजारासाठी महिनोन्महिने काही घेत असेल, तर लहानसा धोकाही त्याला महाग पडतो. शिवाय डहाणूकरांच्या गटानं वनस्पती, मात्रा, मुदत, तुलनेचा गट असं सगळं पक्कं केलं होतं. बाजारानं त्यातलं काय घेतलं? वेलीचं नाव.

कायदा या बाबतीत ग्राहकाला फारशी मदत करत नाही. कायद्याच्या अनुसूचीतल्या ग्रंथांत असलेलं आयुर्वेदिक औषध ग्रंथोक्त पद्धतीनं आणि ग्रंथोक्त आजारासाठी बनवलं, तर परवान्यासाठी माणसांवरच्या चाचण्या दाखवाव्या लागत नाहीत. तीच वनस्पती ‘हेल्थ सप्लिमेंट’ म्हणून अन्नसुरक्षेच्या नियमांखाली आली, तर डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं इंग्रजीत छापावं लागतं. डबा हातात असेल तर उलटून बघा. पुढच्या बाजूला मधुमेह, सांधेदुखी, यकृत यांच्याबद्दल जे काही सुचवलेलं असतं, त्याच्याशी ही ओळ ताडून बघण्यासारखी असते.

घरात कुणी असं काही नियमित घेत असेल, तर दवाखान्यात जाताना पाकीट सोबत न्या, नुसतं नाव सांगू नका. कधीपासून घेताय तेही सांगा. थायरॉइड, सोरायसिस, संधिवात यांसारखा प्रतिकारयंत्रणेशी संबंधित आजार किंवा यकृताचा जुना त्रास असेल, तर गुळवेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. लघवी गडद झाली, खाज सुटली, अन्नाची शिसारी आली, तर घेणं थांबवा आणि एसजीपीटी, बिलिरुबिन या यकृताच्या तपासण्या करून घ्या. बरेच जण नुसतं बंद केल्यावर सुधारतात. मात्र ‘कावीळ आपोआप उतरते’ म्हणून वाट बघत बसण्यात आठवडे गेले, की काम अवघड होतं.

पुढच्या आठवड्यात हळद. आमटीतली चिमूटभर नव्हे. काळ्या मिरीतलं पिपरीन घालून शोषण वाढवलेली, कॅप्सुलमधली.