मोबाईलवरची चळवळ आणि हिशेबाची वही

गेल्या महिन्यात जयसिंगपूर कोर्टातले काम आटोपून मी कार्यालयात आलो, तेव्हा बाकावर एक तरुण आणि त्याचे वडील वाट पाहत बसले होते. जयभीम झाला. वडिलांनी सरळ विषयाला हात घातला, "वकीलसाहेब, पोरगं नोकरी सोडाय निघालंय. मोबाईलवर व्हिडिओ टाकून पोट भरणार म्हणतंय. तुमचं ऐकतंय, तुम्हीच सांगा." मुलगा मान खाली घालून बसला होता. शिरोळ तालुक्यातील वस्त्यांचे प्रश्न, विहारांतील कार्यक्रम, जुन्या कार्यकर्त्यांच्या मुलाखती तो दोन वर्षे यूट्यूबवर दाखवतो आहे. प्रस्थापित वर्तमानपत्रे ज्या बातमीला आतल्या पानावर चार ओळी देत नाहीत, ती तो वीस मिनिटे दाखवतो. त्याच्या कामाबद्दल मला आदर आहे. म्हणूनच मी पहिला प्रश्न विचारला, "दोन वर्षांत खर्च किती झाला आणि आले किती?" त्याला सांगता आले नाही.

मात्र एक गोष्ट त्याला पक्की आठवत होती. भीमजयंतीच्या मिरवणुकीचा त्याचा व्हिडिओ दोन लाखांवर लोकांनी पाहिला आणि त्याला त्यातून एक रुपयाही मिळाला नाही. मिरवणुकीत जे भीमगीत वाजत होते, त्याचे हक्क एका कॅसेट कंपनीकडे होते. यूट्यूबची यंत्रणा असे गाणे आपोआप ओळखते आणि हक्कदाराने दावा ठेवलेला असेल, तर जाहिरातीचे पैसे त्याच्याकडे वळवते. मिरवणूक आमची, गाणे आमच्या गायकाचे, पाहणारे आमचे आणि पैसे तिसऱ्याचे! यात कंपनीने बेकायदा काही केले असे नाही. गायकाने पूर्वी कधीतरी कागदावर सही केलेली असते. कॉपीराईट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क सोपवायचे तर लेखी करार लागतो आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. आमच्या किती गायकांना हे कोणी सांगितले? एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात यांचा आवाज मोबाईलवरून घरोघरी पोहोचला. असा आवाज ज्या ज्या चॅनेलवर वाजतो, तिथले पैसे कोणाकडे जातात हा प्रश्न आमच्या सभांमध्ये कोणी विचारत नाही.

विचारायला लाज वाटते, हेच खरे कारण आहे. आपल्याकडे कार्यकर्त्याने पैशाचा विषय काढला की तो विकला गेला असे समजण्याची खोड आहे. ज्या महामानवाने 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ लिहिला, त्यांचे अनुयायी रुपयाचे नाव निघाले की इकडेतिकडे पाहू लागतात. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला तो राजर्षी शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने. पैसे देऊ केले तरी 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नव्हती. बाबासाहेब शिक्षणासाठी लंडनला गेले, मागे पैशाची ओढाताण आणि व्यवस्थापनाचा गोंधळ झाला आणि १९२३ मध्ये पत्र बंद पडले. पुढे ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. त्यातील बहुतेक मजकूर बाबासाहेब स्वतः, एक पैसा न घेता लिहीत. पत्रावरील कर्जाबद्दल त्यांनी त्याच पत्रातून समाजाला जाब विचारला. तरीही १५ नोव्हेंबर १९२९ ला तेही थांबले. लेखणी कुठे कमी पडली होती? वर्गणीदार कमी पडले होते.

आणि या काळात बाबासाहेबांचे घर कशावर चालत होते? हायकोर्टातील वकिली होतीच. शिवाय १९२५ ते १९२८ या काळात ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. चवदार तळ्याचा सत्याग्रह याच वर्षांतला. पत्र काढले म्हणून त्यांनी पोटाचा धंदा सोडला नाही. नोकरी सोडायला निघालेल्या त्या तरुणाला मी हे सांगितले, तेव्हा त्याने पहिल्यांदा मान वर केली.

आता यूट्यूबचे गणित पाहू. जाहिरातीत वाटा हवा असेल तर १ हजार सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४ हजार तास पाहिले जाणे ही अट आहे. (छोट्या व्हिडिओंसाठी वेगळी अट आहे, तीत शिरत नाही.) ४ हजार तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटे. प्रेक्षक सरासरी चार मिनिटे थांबला, तर वर्षात ६० हजार वेळा व्हिडिओ पाहिला गेला पाहिजे. ही अट पूर्ण झाली की मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतील १०० पैकी ५५ रुपये करणाऱ्याला मिळतात. तेही १०० डॉलर साठल्याशिवाय बँकेत येत नाहीत. अमेरिकेच्या कराचा फॉर्म भरला नाही, तर जगभरच्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. आमची बरीच मुले हा फॉर्म इंग्रजीत आहे म्हणून सोडून देतात. आपल्याकडे १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आकडा आकाशाला भिडतो आणि मधले महिने कोरडे जातात. ऊसतोडीच्या हंगामावर वर्षाचा संसार उभा करणाऱ्याला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही.

चॅनेल कोणाच्या नावावर आहे, हा वकिलाचा प्रश्न. माझ्याकडे आलेल्या एका भांडणात तीन मित्रांनी मिळून चॅनेल काढला होता. कॅमेरा एकाचा, आवाज दुसऱ्याचा आणि ईमेल तिसऱ्याचा. वाद झाला, तिसऱ्याने पासवर्ड बदलला आणि दोघे रस्त्यावर आले. लेखी काहीच नव्हते. 'आपण सगळे भाऊच आहोत' हे वाक्य कोर्टात दाखल करता येत नाही. खाते कोणाचे, खर्च कोणाचा, वाटा किती, कोणी सोडून गेले तर काय, एवढे स्टॅम्पपेपरवर लिहायला एक दुपार पुरते. मूळ व्हिडिओ स्वतःकडेही जपून ठेवावेत. २९ जून २०२० रोजी टिकटॉक बंद झाले आणि खेड्यापाड्यांतील कितीतरी कलाकारांची मेहनत एका रात्रीत दिसेनाशी झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नगर जिल्ह्यातील सारोळा कासारच्या सुमन धामणे यांचा 'आपली आजी' हा चॅनेल हॅक झाला होता. तो परत मिळाला, पण प्रत्येकाचे नशीब तसे नसते.

इथपर्यंत वडील खूश होते. मग मुलाने विचारले, "दादा, पैशाचाच विचार करायचा तर मी अत्याचाराच्या बातम्या दाखवायच्याच नाहीत का? त्या व्हिडिओला पिवळा डॉलर येतो." त्याचे म्हणणे बरोबर आहे. हिंसा आणि वादग्रस्त विषयांवरच्या व्हिडिओला जाहिराती कमी मिळतात आणि तसे सांगणारी पिवळी खूण दिसते. म्हणजे अॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल करून घ्यायला पोलीस टाळाटाळ करतात हे दाखवले, तर कमाई घटते आणि नाचगाणे दाखवले तर वाढते. इथे माझे मत स्पष्ट आहे. तो व्हिडिओ दाखवायचाच, आणि त्यातून काही मिळणार नाही हे वहीत आधीच लिहून ठेवायचे. त्याचा खर्च लग्नाच्या चित्रीकरणातून, संस्थांच्या माहितीपटांतून, पाककृतीच्या व्हिडिओतूनही काढता येईल. त्यात कमीपणा कसला? फक्त लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख चुकूनही उघड होऊ देऊ नये. तो गुन्हा आहे आणि त्याआधी तो तिच्यावर पुन्हा अन्याय आहे.

काही पैसे मात्र नाकारावेच लागतात. जुगाराच्या अॅपवाले लहान चॅनेलनाही पैसे देऊ करत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाईन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदीचा कायदा केला, त्यामुळे तो मोह आता तुरुंगाचा रस्ता आहे. पैसे घेऊन वस्तूची शिफारस केली तर तसे प्रेक्षकाला सांगावे लागते. आणि बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातील चॅनेलवर राशीच्या खड्यांची जाहिरात? काही प्रकारच्या जाहिराती रोखण्याची सोय असते. ती शोधून वापरावी.

आता वाचकांना विचारतो. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले, तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथे चहाला थांबत. छत्रपतींनी गंगारामांच्या धाडसाचे नुसते कौतुक केले नाही, ते त्यांचे गिऱ्हाईक झाले. आपण काय करतो? मुलाचा व्हिडिओ उतरवून घेतो आणि पन्नास व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो. लिंक पाठवली असती तर निदान त्याचे पाहिल्याचे तास वाढले असते. जयंतीला डीजेसाठी वर्गणी गोळा होते, त्यातले काही या मुलांसाठी बाजूला का निघू नये?

दोन तास बसून आम्ही तिघांनी ठरवले की एक वर्ष नोकरी सोडायची नाही, रविवारी चित्रीकरण आणि बुधवारी रात्री संकलन करायचे. वही वडिलांनी लिहायची, कारण त्यांचे अक्षर चांगले आहे. जाताना ते दारात थांबले. "दोन वर्षं ह्याला गाडीवरनं गावोगाव मीच फिरवलाय साहेब. ते पेट्रोल धरायचं का?" मी म्हटले, पहिल्या पानावर तेच लिहा.