अ‍ॅव्हरेज किती देते?

पहाटे ५.००
जामचा चौक अंधारात आहे. नागपूर-हैदराबाद महामार्गावरून ट्रक धडधडत जातात. इथूनच एक रस्ता वरोरा-चंद्रपूरकडे फुटतो. टॅक्सी चालवणारे भाऊ ऑइलची काडी फडक्याने पुसतात, परत घालून पाहतात. आज मी त्यांच्यासोबत. बारा वर्षांची सात सीटर डिझेल गाडी. पिवळी पाटी. मीटरवर ३ लाख ८७ हजार किलोमीटर.

५.४०
पंपावर हजाराचं डिझेल. लिटरचा भाव नव्वदीच्या घरात. टाकी फुल करत नाहीत. भाडं हातात आलं की पुढचं.

६.००
समुद्रपूरकडच्या एका आजी आणि त्यांचा मुलगा बसले. नागपूरला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात तपासणी. जाऊन-येऊन, थांबण्यासकट २,००० रुपये. भाऊ काटा ऐंशीच्या पुढे जाऊ देत नाहीत. "नव्वदवर गेली का डिझेल पिते." बोरखेडीच्या नाक्यावर टोल कटला.

१०.३०
आजींचा नंबर दुपारी. तेवढ्यात आम्ही नवी गाडी बघायला शोरूममध्ये. भाऊंच्या मुलाला सनरूफ हवंय. विक्रेता वरचं पेट्रोल मॉडेल दाखवतो: सनरूफ, मोठा स्क्रीन, गार होणाऱ्या सीटा. भाऊंचा पहिला प्रश्न, "अ‍ॅव्हरेज किती देते?" पेट्रोल बारा, डिझेल सतरा. डिझेलचं मॉडेल लाखभराने महाग. भाऊ मोबाइलवर बोटं चालवतात. महिन्याला चार हजार किलोमीटर. पेट्रोल ३३३ लिटर, तेही शंभरीपार. डिझेल २३५. जास्तीचा लाख वर्षाच्या आत निघतो.

१ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम आले. मारुतीने तेव्हा डिझेल गाड्याच बंद केल्या. नव्या डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. गावातल्या गावात फिरणाऱ्याचा तो तुंबतो. गाडी लांब पळाली, तापली की काजळी जळून जाते. भाऊंचा धंदाच लांब पळायचा.

मग भाऊ शोरूममधल्या गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. एसीच्या जाळीपुढे तळहात धरला. बराच वेळ.

दुपारी २.३०
मे महिना. परतीला डांबर तापलेलं. जुन्या गाडीचा एसी पुढच्या दोघांपुरताच. आजींनी बाटलीतल्या पाण्याने पदर भिजवून डोक्यावर घेतला. बुटीबोरी येईपर्यंत तो वाळला. भाऊंनी आरशात दोनदा पाहिलं, गाडी सावलीला घेतली, पदर पुन्हा भिजवायला पाणी दिलं.

५.००
आजी घरी पोचल्या. भाऊंनी २,००० मोजून घेतले. दिवसाचं डिझेल ९००. टोल, चहा, पार्किंग जाऊन हाती हजारही उरत नाही. त्यातच विमा, टायर आणि उद्याचा हप्ता.

रात्री ८.००
मुलाने फोनवर सनरूफचा फोटो समोर धरला. भाऊ त्याला जवळ बसवतात. "वरून ऊन काहून घ्याचं, बाबू? मागं हवा पाह्यजे."

मला हा हिशोब मनापासून पटला. ज्या सुखाचं भाडं मिळतं आणि ज्याने मागे बसलेल्याचा जीव निवतो, तेवढंच विकत घ्यायचं.

वहीत आजचे किलोमीटर लिहून झाले. खाली एक ओळ: डिझेल, मागं एसी. पहाटे पाचचा गजर लावून भाऊंनी दिवा मालवला.